नळीतलं मीठ

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असलं की लोखंडाच्या बाबतीत माणूस हळूहळू नास्तिक होतो. दुकानदाराने पत्र्याची, कडीची, खिडकीच्या गजांची दिलेली ग्वाही तो ऐकून घेतो आणि मनात दोन पावसाळ्यांचा हिशोब करतो. देवगड तालुक्यात माझ्या मामांचं घर आहे. तिथे सायकलची साखळी, पंख्याची दांडी, कपाटाची बिजागरी, सगळं मामीच्या हाताखालून जातं आणि सगळ्याला एकच औषध मिळतं, खोबरेल. पाय मुरगळला तरी खोबरेल, कुलूप अडकलं तरी खोबरेल. मामीची त्यावरची श्रद्धा मी कधी मोडायला गेले नाही. पण गेल्या एका मिरगात ती श्रद्धा आणि माझी रसायनशास्त्राची पदवी एका रायफलच्या नळीत समोरासमोर आली.

रायफल मामांची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आंबा-काजूची बाग, खाली भाताचे कुणगे, वर जंगल, म्हणजे रानडुकरं आणि वानर हे शेजारीच. सिंधुदुर्गात असे परवाने काही नवलाचे नाहीत. बहुतेकांकडे ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते. मामा सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, आर्मरर होते, आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त केलेली, त्यामुळे त्यांनी निवृत्तीनंतर कोणाकडून तरी रीतसर बदलून घेतली ती .३१५ बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास .३१५ इंच असलेली रायफल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लष्कराची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ बोअरची ली-एन्फिल्ड रायफल, आपल्याकडे सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही, ती बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडते. म्हणून त्याच ली-एन्फिल्डच्या सांगाड्यावर वेगळ्या काडतुसाची, .३१५ बोअरची रायफल बनत आली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात सैन्यासाठी थ्री-नॉट-थ्री बनायची आणि शिकाऱ्या-शेतकऱ्यांसाठी ही. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) तोच, दस्त्याची ठेवण तीच, उचलली की खांद्याला लागणारं वजनही ओळखीचं. मामा सैन्यात गेले तोवर तिथे एसएलआर ही नवी स्वयंभरणी रायफल आली होती, पण एनसीसी आणि पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्रीच होत्या आणि त्या मामांच्या टेबलावर यायच्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर ती २०२० साली निवृत्त केली. शंभर वर्षांहून जुन्या आराखड्याला एवढी नोकरी क्वचितच मिळते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता लागली आणि वाडीतल्या सगळ्या बंदुकांबरोबर ही रायफलही जमा झाली. त्याआधी थंडीत डुकरांना हाकलायला तिचे काही बार झाले होते. मामांचं तेव्हा मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वाकायला, वजन उचलायला मनाई. मग मामीने त्यांच्या समोर बसून नळीत चिंधी फिरवली आणि ती चिंधी अर्थातच खोबरेलात बुडवलेली होती. निकाल ४ जूनला लागला, रायफल परत आली तेव्हा मिरगाचा पाऊस दारात होता. जमा असताना ती कशी ठेवली होती याची चर्चा मी करणार नाही. ज्याच्याकडे शेकडो हत्यारं येतात त्याने प्रत्येकाची नळी पुसत बसावं अशी अपेक्षाच गैर आहे.

मामांनी पडवीत बसून बोल्ट काढला. ली-एन्फिल्डची ही मोठी सोय. बोल्ट मागे ओढायचा, त्याचं डोकं बोटाने वर उचलायचं, की तो मागच्या बाजूने हातात येतो आणि नळी आरपार मोकळी होते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाच्या, बाजूला पांढरा कागद तिरपा धरला आणि दुसऱ्या टोकाकडून मला बघायला सांगितलं. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक दिसतात आणि त्यांतून रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या, चऱ्या वळत जातात. इथे मध्यापर्यंत पिवळट चिकट थर होता, खोबरेल खवट होऊन सुकलं की होतो तसा, त्याखाली काळं आणि काळ्याच्या कडेने तांबूस.

“तेलान मीठ जाता काय गो बाय?” मामा म्हणाले. त्यांनी प्रश्न मला विचारला, पण ऐकवला स्वयंपाकघराकडे.

“वायच खोबरेल लायलंय, काय बिघाडला तेचा?” आतून उत्तर आलं.

तेचा बरंच बिघडलं होतं, पण खोबरेलाने नव्हे. खोबरेलाचा गुन्हा एवढाच की त्याने आतल्या खऱ्या गुन्हेगारावर पांघरूण घातलं. नळी घाण होते म्हणतो तेव्हा आपण चार वेगळ्या गोष्टी एका नावाखाली घालतो. पहिली दारूची काजळी. दुसरी गोळीच्या आवरणाचा धातू, जो प्रचंड वेगाने घासत जाताना चऱ्यांवर थोडा थोडा चिकटतो. तिसरी गंज. आणि चौथी जी डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे काडतुसाच्या टोपीतून, बुडाशी बसवलेल्या आणि दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीतून, आलेलं मीठ. प्रत्येकीचं औषध वेगळं. काजळीला घासणी आणि सॉल्व्हंट चालतं, तांब्याला अमोनिया लागतो, मिठाला पाणी. तेल यातल्या एकाचंही औषध नाही. तेल ही सगळं झाल्यानंतर घालायची वस्तू.

या मिठाची गोष्ट मला फार आवडते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. घोडा ओढला, टोपीवर सुई बसली की ते ऑक्सिजन देऊन टोपीतल्या बाकीच्या मिश्रणाला पेटवतं आणि स्वतः मागे उरतं ते पोटॅशियम क्लोराइड होऊन. जेवणातल्या मिठाचा हा सख्खा भाऊ. प्रत्येक बाराबरोबर त्याचा बारीक फवारा नळीभर बसतो. पण कित्येक वर्षं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काळी दारू होती तोवर नळी पाण्याने धुवायचीच असा शिरस्ता होता, कारण काळ्या दारूचा राडा पाण्याशिवाय निघत नाही. मग १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर या रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू काढली. ती जळाली की राख जवळजवळ नाही. सगळ्यांना वाटलं, सुटलो. त्यात पाच टक्के व्हॅसलिन घातलेलं, तेही नळीला आतून वंगण मिळावं या भाबड्या हिशोबाने. (वंगण काही मिळालं नाही, पण व्हॅसलिनमुळे कॉर्डाइट साठवणीत टिकतं हे नंतर कळलं. चुकीच्या कारणासाठी केलेली बरोबर गोष्ट.) दारू स्वच्छ झाली आणि नळ्या तरीही सडत राहिल्या. आज पुसून तेल लावून ठेवलेली नळी उद्या पुन्हा काळी-तांबडी. सैनिक म्हणत, नळीला घाम येतो. तज्ज्ञांचं म्हणणं होतं की दारूचा आम्ल वायू पोलादाच्या छिद्रांत शिरतो आणि सावकाश बाहेर येतो, म्हणून बार झाल्यावर पुढचे काही दिवस रोज नळी पुसायची. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये हा घाम तपासला. वायूही नाही आणि छिद्रंही नाहीत, टोपीतलं क्लोराइड आहे आणि ते तेलाच्या थराखाली बसूनसुद्धा ओल ओढून घेतं, असं त्यांनी दाखवलं. पुढे मीठ न सोडणाऱ्या टोप्या आल्या. लष्करांच्या गोदामांतला जुना साठा मात्र पुढची कित्येक दशकं वाजत राहिला. मामांच्या डब्यातली काडतुसं कुठल्या टोपीची, हे त्यांच्यावर बघून कळत नाही. अशा वेळी शहाण्याने मीठ आहे असंच धरून चालावं.

आता यात कोकण कुठे येतं? प्रत्येक मिठाचा ओल धरण्याचा एक उंबरठा असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता त्याच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. शुद्ध जेवणातल्या मिठाचा उंबरठा ७५ टक्क्यांच्या आसपास, पोटॅशियम क्लोराइडचा सुमारे ८४. (आगरातलं जाडं मीठ बाराही महिने ओलसर असतं त्याचं कारण त्यातलं मॅग्नेशियम, ते फारच लवकर विरघळतं.) म्हणजे दख्खनच्या कोरड्या हवेत नळीतलं हे मीठ वर्षाचा बराच काळ पडून राहील, त्याचा उपद्रव कमी. देवगडला थंडीतही ते फार काही करत नाही, अगदी निरुपद्रवी असतं असं नाही, पण वेग थोडा. मग जून येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्याची हवा तो उंबरठा ओलांडते आणि आठवडेच्या आठवडे खाली येत नाही. डिसेंबरात वाजवलेला बार नळीला जूनमध्ये खातो. मामींनी थंडीत पुसलेली नळी होळीला बघितली असती तर कोणालाही वाटलं असतं, छान आहे की!

मामांना उंबरठ्याचे आकडे माहीत नव्हते. त्यांना एवढं माहीत होतं की बार झाला की त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी गेलं पाहिजे. “लोखंडाक पाणी दाखवायचा नाय म्हणतत ते खुळे,” हे त्यांचं नेहमीचं. ब्रिटिश फौजेतही नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतायची रीत होती, हफ यांच्या कितीतरी आधीपासून. कारण चुकीचं सांगत असतील, कृती बरोबर होती. उकळतंच का, तर गरम पाण्यात हे मीठ थंडपेक्षा बरंच जास्त विरघळतं, शिवाय पोलाद इतकं तापतं की आतलं उरलेलं पाणी स्वतःच उडून जातं. कोमट पाणी ओतणारा माणूस नळीत ओल ठेवून येतो.

पण कुठलं पाणी? इथे मी गंमत बघितली. मामींनी विहिरीचं पाणी बंबात ओतायला घेतलं तसं मामांनी थांबवलं. त्यांची विहीर खाडीच्या बाजूची, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ लागतं. मीठ धुवायला मिठाचंच पाणी कशाला? मागच्या दारी पागोळ्यांखाली हंडे लावलेलेच होते, पहिला पाऊस कौलांवरची घाण काढून गेला होता, दुसऱ्या-तिसऱ्या सरीचं स्वच्छ पाणी साठलं होतं. ते तापवलं. खोबरेलाचा थर आधी काढायला हवा, नाहीतर पाणी मिठापर्यंत पोचतच नाही, म्हणून पहिल्या पाण्यात थोडा साबण. नळीचं तोंड खाली बादलीत, चेंबरमध्ये रबरी नळी जोडलेलं नरसाळं, दस्त्याचं लाकूड आणि घोड्याकडची बाजू जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळलेली. लाकूड आणि नळी यांच्यामध्ये शिरलेलं पाणी आत कुजवतं आणि बाहेरून कळत नाही. पूर्ण लाकडात मढवलेल्या लष्करी रायफलीत ही भीती मोठी, या अर्ध्या दस्त्याच्या रायफलीत कमी. नळी धरायला मामांनी पोत्याचं तरट घेतलं. हाताला चटका बसेल इतकी ती तापायला वेळ लागत नाही.

बादलीत आलेलं पाणी ताकाच्या निवळीसारखं होतं, त्यात काळे कण. मी तीन बाटल्या मागून घेतल्या. एकीत पागोळीचं कोरं पाणी, एकीत पहिल्या धुण्याचं, एकीत शेवटच्या. मामा बघत राहिले, बोलले नाहीत. अमोनिया लावायच्या आधीच हे नमुने घ्यायला हवे होते, कारण अमोनिया असला की मला जी चाचणी करायची होती ती फसू शकते. त्याबद्दल पुढे.

नळी सुकल्यावर पुल-थ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी. ज्याला फौजी फुलथ्रू म्हणतात तो. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चार बाय दोन इंचांची फ्लॅनेलची चिंधी. लष्करी रायफलीच्या दस्त्यातच पितळी झाकणाखाली तो आणि तेलाची बाटली ठेवलेली असते. साधी वस्तू, पण ओढताना दोरी नळीच्या तोंडाला एका बाजूने घासली की वर्षानुवर्षांत पोलादालाही खाच पडते. ती बरोबर त्या जागी, जिथून गोळी नळीचा निरोप घेते. तिथे एक बाजू झिजली की नेम गेलाच. मामांनी सांगितलं की त्यांच्या टेबलावर आलेल्या कितीतरी थ्री-नॉट-थ्री बारांनी खराब झालेल्या नव्हत्या, पोरांनी पुल-थ्रू तिरका ओढून केलेल्या होत्या. परेडची भीती घासायला लावते. दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढायची, मध्ये थांबायचं नाही, अडकली तर जोर लावायचा नाही.

काळं निघालं. मग अमोनिया. त्याचा वास कोकणातल्या बंदरांवर वाढलेल्या कोणालाही अनोळखी नाही, मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यांतून तो येतो. आम्ही सौम्य, बाटलीतला आणला. दारं-खिडक्या उघड्या, मामी नाकाला पदर लावून खळ्यात. अमोनियाची चिंधी नळीतून बाहेर आली ती निळी. एवढी सुंदर निळी की तांब्याने ती केली यावर विश्वास बसू नये. गोळीच्या आवरणातलं तांबं. पूर्वी ते आवरण तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं असायचं, त्याचे तर गुठळ्यांसारखे थर बसत आणि सैनिकांचा जीव जाई. इथे एक सावधगिरी: ब्रश पितळेचा किंवा ब्राँझचा असेल तर चिंधी ब्रशमुळेही निळी होते आणि माणूस नसलेलं तांबं काढत बसतो. अमोनिया नळीत सुकू द्यायचा नाही, पुन्हा गरम पाणी, पुन्हा कोरडी चिंधी.

निळा रंग फिका होत गेला. मी म्हटलं, अजून एकदा. मामा म्हणाले, “बस झाला. आता नळी झिजतली.”

यावर आमचं खरोखर वाजलं. मला प्रयोगशाळेची सवय, शेवटचा अंश निघेपर्यंत घासायचं. शिवाय तांबूस गंजाखालून आता खड्डे उघडे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे नव्हे, त्याहून बारीक, पण चेंबरच्या पुढच्या वितीभर भागात स्पष्ट दिसत होते. ते मला खुपत होते. मामांचं म्हणणं, खड्डा म्हणजे गेलेलं पोलाद. गेलेलं घासून परत येत नाही, घासलं तर उरलेलंही त्याच्या पातळीला उतरवावं लागतं आणि तोवर चऱ्याच संपतात. थ्री-नॉट-थ्रीच्या चऱ्यांची खोली मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते, मग झिजवायला आपल्याकडे आहे किती? खड्ड्यांत थोडं तांबं राहिलं तर राहू दे, ते भरणच झालं. नळी चमकायला पाहिजे हा हट्ट बघणाऱ्याचा असतो, रायफलीचा नसतो. मला हे पटायला संध्याकाळ लागली. आता वाटतं, जुनी वस्तू हाताळणाऱ्यांत दोन जाती असतात आणि वाईट ती नव्हे जी हात लावत नाही. वाईट ती, जिचा हात थांबत नाही. आपल्याकडे किल्ल्यांवरच्या तोफांना उत्साहाने घासून काळा ऑइलपेंट फासणारे मी पाहिले आहेत, आत गंज तसाच.

शेवटी खनिज तेलाची पातळ चिंधी, खोबरेल नाही. आणि मामांची सूचना की पुढचा बार करण्याआधी तेलही कोरड्या चिंधीने पुसून काढायचं. तेलाने भरलेल्या नळीत बार टाकणं धोक्याचं.

आता बाटल्या. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब क्लोराइड असलेल्या पाण्यात पडला की पांढरा साका येतो, ही शाळेतल्या प्रयोगवहीतली चाचणी. अमोनियात हा साका विरघळतो, म्हणून नमुने आधी घेतले होते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ती केली. आधी थोडं नायट्रिक आम्ल घालून आणि पाणी गाळून, साबणामुळे घोळ होऊ नये म्हणून. पहिल्या धुण्याचं पाणी थेंब पडताच दुधाळ झालं. शेवटच्या धुण्याचं आणि कोरं पागोळीचं पाणी शेजारी ठेवले तर फरक सांगता येईना, दोन्हींत अगदी पुसटसा धुरकटपणा, समुद्राकाठच्या पावसातही थोडं मीठ असतंच. म्हणजे खोबरेलाखाली सहा महिने मीठ शाबूत होतं आणि पाण्याने ते गेलं. मी फोटो पाठवला. मामांचं उत्तर फोनवर आलं: ह्या आमका ठाऊक होता, तू बाटलेत घालून दाखवलंस एवढाच.

पुढच्या खेपेला मी सिल्व्हर नायट्रेटची गडद काचेची एक छोटी ड्रॉपरची बाटली घेऊन गेले, मामांना गंमत म्हणून दाखवायला. बोटाला लागलं तर काळा डाग पडतो आणि तो काही दिवस जात नाही हेही बजावलं. मामांनी बघितलं, मान हलवली आणि भाताच्या लावणीचं बोलायला लागले. मामी मात्र बाटलीपासून हलेनात. त्यांनी आधी आपल्या विहिरीचं पाणी आणलं. दुधाळ. “बघ, मी म्हणा होतंय ना,” म्हणजे पाणी नुसतं एप्रिल-मेमध्ये नव्हे, कायमचंच मचूळ झालंय हे त्या कित्येक वर्षं सांगत होत्या आणि मामा मानत नव्हते, भर पावसातसुद्धा बाटलीने मामींची बाजू घेतली. मग शेजारच्या काकूंच्या विहिरीचं आलं, मग वरच्या वाडीतल्या सार्वजनिक विहिरीचं. वरच्या वाडीचं जवळजवळ स्वच्छ निघालं, आणि नळयोजनेची पाइपलाइन त्या विहिरीवरून का आणली नाही, खाडीकडच्याच विहिरीवर पंप का बसवला, यावर पडवीत जी बैठक बसली तिच्यात रायफलीची आठवणसुद्धा कोणाला राहिली नाही.